वरच्या मजल्यावरचे पाहुणे

स्वयंपाकघरात फक्त फ्रेंच बोलायचं असा नियम झाला आणि त्या घरातल्या माणसांनी मीठ मागणं सोडून दिलं. जेवण अळणी झालं तर अळणी खायचं. घरचा कर्ता मेकॅनिक होता, त्याला फ्रेंच येत नव्हतं. त्याच्या बायकोला येत होतं, पण तिचं फ्रेंच हॉटेलच्या रिसेप्शनवर घडलेलं. त्यात किल्ली होती, लिफ्ट होती, सामान होतं, 'आपली खोली अजून तयार नाही' होतं. मीठ नव्हतं.

हॉलमध्ये इंग्रजी ठरलं होतं, त्यामुळे तिथे फक्त टीव्ही बोलायचा. गॅलरी जर्मनसाठी राखली होती. उरली मेकॅनिकच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची खोली. अण्णा निवृत्त बसचालक. "या वयात मी भाषेचा गिअर बदलणार नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं आणि आपली खोली घरच्या बोलीसाठी राखून घेतली. परिणाम असा झाला, की ज्याला काही खरंच सांगायचं असेल तो उठून अण्णांच्या पलंगावर जाऊन बसायचा. गॅस संपल्याची बातमी तिथेच, धोब्याच्या तक्रारी तिथेच, नवराबायकोचं भांडणही तिथेच.

"माझी खोली म्हणजे काय धर्मशाळा वाटली का तुम्हाला?" अण्णा म्हणायचे, आणि उशी सरकवून जागा करून द्यायचे.

या साऱ्याचं मूळ एका शाळेत होतं. मेकॅनिकची मुलगी शाळेच्या वयाची झाली होती. घरात तिला मुंगी म्हणत, कारण एकदा कोणी रेघ आखून दिली की ती त्या रेघेवरून तसूभर हलायची नाही. तिला बरोबर घेऊन तिघा मोठ्यांनी शहरातल्या शाळा पालथ्या घातल्या आणि शेवटी या शाळेपाशी येऊन थांबले. तिथल्या मुख्याध्यापिका चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून बोलायच्या.

"आमच्याकडे भाषा शिकवत नाहीत. मुलांना भाषेत बुडवतात. प्रत्येक खोलीची एक भाषा. उंबरा ओलांडला की भाषा बदलली."

मुंगीने लगेच एक पाय खोलीत आणि एक पाय बाहेर ठेवून विचारलं, "आणि मध्ये उभं राहिलं तर?"

"मध्ये उभं राहायचं नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मुंगीला हे पटलं. नियमाला नियम होता.

प्रवेश मात्र सहज नव्हता. आधी एक आठवडा मुलाला वर्गात बसवून पाहायचं आणि मग ठरवायचं, अशी रीत होती. "मूल बोलतं का, ते आम्ही बघत नाही," मुख्याध्यापिकांनी समजावलं. "त्या भाषेत सांगितलेलं कळून तसं वागतं का, ते बघतो."

मेकॅनिकने मनाशी गाठ बांधली. काहीही करून ही जागा मिळालीच पाहिजे. तो वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा, आणि कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण कंपनीने एकदा परदेशी इंजिनिअर बोलावले, तेव्हा दिवसभर त्यांच्या प्रश्नांना तो नुसता हसत राहिला होता. रात्री गाल दुखत होते. आपल्या मुलीचे गाल असे दुखू नयेत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. म्हणून शाळेची पद्धत त्याने तशीच उचलून घरात आणली.

गॅलरीत तो वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे मुंगीला उभं करायचा आणि जर्मन शिकवायचा. त्याचं जर्मन मशीनबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांतून आलेलं. वर्षानुवर्षं त्याच त्या सूचना वाचून त्याला तोंडपाठ झाल्या होत्या. 'झाकण उघडण्यापूर्वी दिवा विझेपर्यंत थांबावे.' 'क्षमतेपेक्षा जास्त भरू नये.' 'विचित्र आवाज आल्यास तंत्रज्ञास बोलवावे.' हे तो घनगंभीर आवाजात म्हणायचा आणि मुंगी त्याच आवाजात परत म्हणायची. शेजारच्या गॅलरीतल्या बाई आदराने आत निघून जायच्या.

स्वयंपाकघरात मुंगी हॉटेल चालवायची. स्टुलामागे उभी राहून ती अण्णांना फ्रेंचमध्ये सांगायची, की आपली खोली अजून तयार नाही, कृपया बसावे. अण्णा तिच्या हाताच्या खुणेवरून दारातच दुसऱ्या स्टुलावर बसायचे. खोली तयार होईपर्यंत त्यांचा चहा गार व्हायचा.

"अगं, तिला जरा साधं काही शिकव," मेकॅनिक एकदा अण्णांच्या पलंगावर बसून बायकोला म्हणाला. "माझं नाव अमुक, असं काहीतरी."

"माझ्याकडे पाहुणे नाव सांगतात. मी कुठे त्यांना सांगते? तू शिकव की."

"पुस्तिकेत नाही ते."

"वा," अण्णा म्हणाले. "म्हणजे पोरगी दोन भाषांत बोलणार, पण आपण कोण ते कुणाला सांगणार नाही. गुप्तहेर होईल."

चाचणीचा आठवडा सुरू झाला. पहिल्या दिवशी मुंगीने शाळेत तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"का गं, बोलली का नाहीस?" मेकॅनिकने तिला अण्णांच्या खोलीत गाठून विचारलं.

"काय बोलू? तिथे कोणीच बोलत नाही. बाई बदकाचं गाणं म्हणतात आणि सगळे ऐकतात."

"मग तूही म्हण की बदकाचं गाणं."

"बदकाला काही कामच नाहीये, बाबा. ते नुसतं पोहतं."

बिनकामाच्या बदकाबद्दल मेकॅनिकच्या मनातही फारसा आदर नव्हता.

त्यानंतर दोन दिवस शाळेकडून काहीच कळलं नाही. मुंगी मात्र खूश दिसत होती आणि विचारलं तर "काम होतं" एवढंच म्हणायची. मग एका दुपारी मेकॅनिक एका लाँड्रीत मशीनच्या पोटात अर्धा शिरलेला असताना फोन वाजला.

"तुम्ही लगेच या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "येताना मुलीच्या आईलाही आणा."

"तिला लागलं का काही?"

"तिला काही झालेलं नाही. बाकीच्यांना झालंय."

बायको हॉटेलातून निघाली ती गणवेशातच, छातीवर नावाची पट्टी लावलेली. दोघं शाळेच्या फाटकाशी भेटले.

"काय केलं कार्टीने?"

"सांगत नाहीत. पण आवाजावरून प्रकरण मोठं वाटतंय."

मुख्याध्यापिकांनी दोघांना आधी जर्मनच्या खोलीत नेलं. पडदे ओढून खोलीत अंधार केला होता. अंधारात मुलं शिस्तीत बसून डबे खात होती आणि कोपऱ्यात बाई भिंत चाचपत उभ्या होत्या.

"दिवा गेलाय का?" मेकॅनिकने विचारलं आणि सवयीने खिशातला टेस्टर काढला.

"गेलेला नाही. लावू देत नाहीत," बाई कुजबुजल्या. "हे बघा." त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला, त्यासरशी सगळ्यांनी डब्यांची झाकणं फटाफट बंद केली आणि एका सुरात, घनगंभीर जर्मनमध्ये काहीतरी सुनावलं. झाकणाचं आणि दिव्याचं ते वाक्य मेकॅनिकने ओळखलं. त्याने टेस्टर गुपचूप खिशात ठेवला.

"काल तुमच्या मुलीने सांगितलं आणि मुलांनी ऐकलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "त्या भाषेत सांगितलेलं कळून तसं वागायचं, ही आमचीच शिकवण. आता आम्ही काय म्हणणार? चला, हे तर काहीच नाही."

फ्रेंचची खोली रिकामी होती. एका छोट्या खुर्चीवर फ्रेंचच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्या हातात कापडी बदक होतं.

"मुलं कुठेत?" बायकोने विचारलं.

बाईंनी बदकाची चोच वर केली.

जिन्याच्या पायथ्याशी एका बुटक्या टेबलामागे मुंगी उभी होती. समोर रंगीत खडू नीट मांडून ठेवलेले. त्या किल्ल्या होत्या. आईवडिलांना पाहून ती हसली नाही, कामावर होती. मुख्याध्यापिकांनी सांगितलेली हकिकत अशी : मुंगीने सकाळी टेबल लावून एका मुलाला फ्रेंचमध्ये सांगितलं, की आपली खोली तयार आहे, वरचा मजला, ही घ्या किल्ली. तो खडू घेऊन वर गेला. त्याच्यामागे दुसरी गेली. मग रांग लागली. वरच्या मजल्यावर शिक्षकांची खोली होती, तिथे मऊ कोच होते, गालिचा होता. मुलं दारात बूट काढून आडवी झाली.

"मग खाली बोलवा ना त्यांना," मेकॅनिक म्हणाला.

"बोलावलं. गोड आवाजात बोलावलं. गाऊन बोलावलं. आमच्या बाईंनी बदक नाचवून बोलावलं. कोणी हलत नाही. शिक्षक आत जायला लागले तर दारातला मुलगा सांगतो, की आपली खोली अजून तयार नाही. तेही अस्खलित फ्रेंचमध्ये. माझ्या स्वतःच्या शिक्षकांना चहा प्यायला खोली उरली नाहीये."

"घरच्या भाषेत दरडावून बघा की."

मुख्याध्यापिका ताठ झाल्या. "या इमारतीत मुलांशी आजवर तसं कोणी बोललेलं नाही. आणि आता पालक येतील मुलांना न्यायला. त्यांना मी काय सांगू, तुमची मुलं झोपलीयत, खोलीचं भाडं भरून घेऊन जा?"

मेकॅनिक टेबलाशी वाकला. "मुंगे, खाली बोलाव त्यांना. बास झालं."

मुंगीने ओठावर बोट ठेवलं. मग बाबाचा हात धरून तिने त्याला व्हरांडा ओलांडून थेट दाराबाहेरच्या पायरीवर नेलं आणि मगच ती बोलली.

"बाबा, आत तसं बोलायचं नसतं."

"बरं, चुकलं. पण त्यांना खाली बोलाव ना, बाळा. नाहीतर तुला या शाळेत घेणार नाहीत."

मुंगीचा चेहरा पडला. "मला नाही येत."

"म्हणजे?"

"पाहुणे जाताना काय म्हणायचं ते आईने शिकवलंच नाही. आपल्या स्वयंपाकघरात सगळे येतातच फक्त."

मेकॅनिक तसाच आत गेला आणि बायकोच्या कानात कुजबुजला. तिने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग नावाची पट्टी सरळ केली, केस कानामागे सारले आणि जिना चढून गेली. मागोमाग सगळे.

शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून ती किंचित झुकली आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, की आपला मुक्काम सुखाचा झाला असेल अशी आशा आहे, कृपया किल्ली परत करावी, पुन्हा अवश्य यावे.

मेकॅनिकने लग्न झाल्यापासून तिला कामावर असताना कधी पाहिलं नव्हतं. शब्द त्याला कळले नाहीत, पण आपल्यालाही आता निघायला हवं असं वाटून त्याने नकळत खिशात किल्ली चाचपली.

खोलीत हालचाल झाली. कोचावरची मुलं उठून बसली. बूट शोधले गेले. एकेक पाहुणा येऊन तिच्या हातात खडू ठेवायचा आणि ती प्रत्येकाला मान लववून निरोप द्यायची. शेवटची मुलगी दोन पावलं जाऊन परत आली आणि फ्रेंचमध्ये आपलं सामान मागितलं. तिला तिचं दप्तर मिळालं. मुंगी ओठ हलवत आईचं वाक्य पाठ करत होती.

पालक यायच्या आत वर्ग भरलेला होता.

मग मुख्याध्यापिकांनी नवराबायकोला आपल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. मेकॅनिकने आधीच हात जोडले.

"चूक माझी आहे, बाई. पोरीचं काही नाही. घरी मीच हे खूळ काढलं. तिला जे येतं ते सगळं वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेतलं आहे."

"वॉशिंग मशीनच्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"आणि अर्धं हॉटेलातलं," बायकोने पुस्ती जोडली.

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. त्या रडतायत की काय, या विचाराने मेकॅनिकचं धाबं दणाणलं. त्या वळल्या तेव्हा डोळे खरंच ओले होते, पण तोंडावर रुमाल धरूनही हसू आवरत नव्हतं.

"शाळा उघडल्यापासून ही मुलं बदकाचं गाणं ऐकतायत," त्या कशाबशा म्हणाल्या. "एकानेही तोंड उघडलं नव्हतं. आज ती पोरं दोन भाषांत आम्हालाच कामाला लावतायत. आम्ही तुमच्या मुलीला भाषेत बुडवणार होतो. तिने अख्खी शाळा बुडवली."

"म्हणजे... नाही म्हणताय?"

"आठवडा संपायची वाटही बघत नाही. प्रवेश दिला. पण एक अट आहे."

"घरचं शिकवणं आजपासून बंद," मेकॅनिक घाईने म्हणाला.

"अहो, बंद काय करताय? घरी काय शिकवणार ते आम्हाला आदल्या दिवशी कळवत जा. आमच्या शिक्षिकांना तयारीला वेळ नको का?"

मेकॅनिकचा जीव भांड्यात पडला. बायकोने टेबलाखालून त्याचा हात दाबला आणि तिथेच धरून ठेवला.

फाटकाशी पालकांची गर्दी होती. मुंगीला खांद्यावर घेऊन मेकॅनिक बाहेर पडला, तशा एक उंची कपड्यातल्या बाई त्याच्याकडे चालत आल्या.

"तुम्ही हिचे बाबा ना? आमचा मुलगा इतके दिवस घरी शाळेतल्या भाषेचं एक अक्षर बोलत नव्हता. काल त्याने जेवणाआधी सगळे दिवे घालवले आणि आम्हाला जर्मनमध्ये काहीतरी बजावलं. त्याचे आजोबा रडले हो आनंदाने." त्यांनी आवाज खाली आणला. "हिला घरी कोण शिकवतं? म्हणजे कोणते सर?"

मेकॅनिकने बायकोकडे पाहिलं. ती नावाची पट्टी काढण्यात गुंतली होती.

"मीच शिकवतो," तो म्हणाला.

बाईंच्या डोळ्यांत एकदम आदर आला. त्यांनी पर्समधून फोन काढला. "पुढे काय घेणार आहात? नाही, म्हणजे आमचा मागे पडायला नको."

मेकॅनिकने मनातल्या मनात पुस्तिकेचं पान उलटलं.

"आता गाळणीची सफाई," तो म्हणाला.

बाईंनी ते फोनमध्ये टिपून घेतलं. "रोज?"

"छे, रोज नाही," मेकॅनिक म्हणाला. "महिन्यातून एकदा पुरते."