नाना आणि स्टेशनातला बाक

आमच्या गावात नानांना कावळ्याचाही संशय यायचा. "हाऊ कावळा काल्दिनपाईन घड्याळकडे देखी ऱ्हायना," ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गुरुजी, गडबड शे!"

घड्याळ म्हणजे स्टेशनावरचं. धुळ्याकडे जाणाऱ्या फाट्यावरचं आमचं स्टेशन ते केवढं? काळ्या दगडाची एक खोली, कौलारू पडवी, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा आणि सागवानी बाक. नानांचा रेल्वेशी संबंध? काडीचाही नाही. जन्मभर त्यांनी मिरची विकली. दुकान मुलाच्या हवाली केल्यावर मात्र ते दिवसभर त्या पडवीत बसू लागले आणि मिरचीचं पोतं हुंगावं तसे येणाऱ्याजाणाऱ्याला हुंगू लागले.

कोणी खांबाला टेकलं, की नाना ओरडायचे, "टेकस कशाले? हालस का ते देखाले?" एका नव्या जोडप्यानं तिथे फोटो काढला, तर नाना त्यांच्या मागोमाग गावाच्या वेशीपर्यंत गेले. "आज फोटो काढतस, सकाय खांब लई जातस!"

आम्ही पोट धरून हसायचो. आणि एक दिवस त्यांचाच संशय खरा ठरला. गाडी थांबणं बंद झालं. वर्ष उलटलं. इमारत पाडायची, सामान लिलावात काढायचं, असं ठरलं. सामान ताब्यात देईपर्यंत तेवढे स्टेशनमास्तर मागे राहिले.

नाना घरोघर फिरले. "आरे, तुन्हा आजानी वरात आठेच उतरनी व्हती! पाडू देतस का?" लोक हो हो म्हणाले आणि कापसाच्या कामाला लागले.

मग एका सकाळी बाक गायब! सगळं गाव स्टेशनात जमलं. आता नाना निम्म्या गावाची नावं घेणार, म्हणून आम्ही कान टवकारले. नानांनी आभाळाकडे पाहिलं. "जाऊ द्या. वाळवीनी खादा व्हई."

सागवान! वाळवीनं! एका रात्रीत! ज्याला कावळ्याचा संशय येतो त्याला आज कोणाचाच येत नाही? मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण. पंच म्हणून मला घेऊन मास्तर नानांच्या घरी निघाले; पांढरा कोट, पितळी बटणं, सगळा थाट करून.

अंगणात निंबाखाली बाक! त्यावर मांडीवर पिशवी घेऊन नानांच्या थोरल्या बहीण, अक्का, बसलेल्या. आम्हाला पाहताच नानांचं तोंड उतरलं. शेवटी सूनच हळू आवाजात बोलली. अक्का दर आखाजीला गाडीनं माहेरी यायच्या आणि भाऊ न्यायला येईपर्यंत त्या बाकावरून हलायच्या नाहीत. आता त्यांना फारसं आठवत नाही. गाडी बंद झाल्यावर गेल्या आखाजीला एस.टी.नं आणलं, तर सणभर ओट्यावरच बसून राहिल्या. घरात आल्या नाहीत, पुरणपोळीला शिवल्या नाहीत. एकच म्हणणं, "टेसन उनं नही."

अक्कांनी आम्हा दोघांना संशयानं न्याहाळलं. घराण्याचाच गुण! मग नजर पितळी बटणांवर थांबली. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि एस.टी.चं चुरगळलेलं तिकीट पुढे केलं.

"मास्तर, टिकिट ल्या."

मास्तरांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि खिशात ठेवलं. "बरोबर आहे, अक्का. आलं तुमचं स्टेशन."

नाना धोतर सावरत फाटकाबाहेर पळाले आणि लगेच धापा टाकत परत आत आले.

"चाल अक्का, लेवाले उनू."

"कितली वाट देखाले लावी रे!" असं म्हणत अक्का उठल्या आणि भावाचा हात धरून घरात गेल्या.

"आपला बाक जरा लांब होता, नाही गुरुजी?" फाटकाशी आल्यावर मास्तर म्हणाले. "हा तो नव्हे." मी पंच म्हणून मान हलवली.

मागे ओट्यावरून नानांचा आवाज आला, "बाक न लेता चालना? गडबड शे!"