चारशे बाराव्या क्रमांकाचं गूढ

"माझ्यासारखा गुप्तहेर शतकात एकदाच जन्मतो," मामा म्हणाले, "आणि या शतकाचा कोटा माझ्यावर संपलेला आहे." एवढं बोलून त्यांनी भिंग पुसलं. भिंगाला चरा होता, त्यामुळे मामांना प्रत्येक प्रकरणात एक संशयास्पद रेघ दिसायची.

भाची स्टुलावर बसली होती. लाँड्रीच्या वरच्या त्या खोलीत खुर्ची एकच, आणि ती शतकाने अडवलेली. भाची मामांची सहायक, म्हणजे न वाजणाऱ्या फोनपाशी बसायचं आणि न थांबणाऱ्या मामांचं ऐकायचं. तिचा जीव होता प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांत. पण तेवीस कंपन्यांत बायोडेटा देऊनही एकीनेही बोलावलं नव्हतं. आईने सुनावलं होतं, महिनाअखेरपर्यंत नोकरी नाही लागली तर कायमची मामाकडे बस. महिना संपायला पंधरा दिवस होते आणि भाचीला त्या स्टुलाची धास्ती बसली होती.

हे प्रकरण मामांनी, कुणी सांगितलं नसताना, हाती घेतलं. बायोडेटा भिंगाखाली गेला.

"रेटिंग एकोणीसशे. सापडलं. कंपन्यांना वाटतं, तुझा जन्म एकोणीसशे सालचा."

"मामा, खाली जन्मतारीख लिहिलीय."

"तीच तर त्यांना खोटी वाटते. बरं, हे बघ. 'तिघांच्या संघातून अंतिम फेरी.' बाकीचे दोघं कुठायत?"

"एक पुढे शिकतोय. एक वडिलांचं दुकान बघते."

"दुकान? मग तुझ्या बायोडेट्याच्या पुड्या कुठे बांधल्या जातात ते कळलं."

भाचीने कपाळाला हात लावला. अशा माणसाच्या हाताखाली जन्म काढायचा, या विचाराने तिने उरलेले दिवस पुन्हा बोटांवर मोजले. तोवर मामा उठले होते. सगळ्या प्रती एकाच हातातून जातात, तेव्हा पानं बदलणारी झेरॉक्सवालीच, असा त्यांचा तिसरा आणि अंतिम निष्कर्ष होता.

दुकानात मामांनी काउंटरवर कोपर टेकलं. "बाई, तुम्हाला सगळं माहीत आहे."

"आहेच की," झेरॉक्सवाली म्हणाली. "तेवीस प्रती काढल्यात मी. पोरीची दया येते. चारशे बारावा नंबर आला तर माणूस गप्प बसतो. आमची लेक वर्गात अकरावी आली तर प्रगतिपुस्तक दप्तरातून काढेना. ही छापून वाटत सुटलीय."

भाचीचा पारा चढला. "काकू, अडतीस हजार जणांत चारशे बारावी आले मी."

"मग ते अडतीस हजार कुठायत?"

भाचीने कागद पाहिला. अडतीस हजार कुठेच नव्हते. स्पर्धेवाल्यांत नुसता क्रमांक सांगितला की माना डोलतात, किती जणांत ते कुणी विचारत नाही. पाच तासांत सात कोडी सोडवणाऱ्या डोक्याला एवढं सुचलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आणि यातून तुला येतं काय?" झेरॉक्सवालीने विचारलं.

"घड्याळ लावून अवघड कोडी सोडवायची. चुकलं तर कुठे चुकलं ते आपणच शोधायचं."

"मग तसं लिही की. रेटिंग म्हणजे काय ते मला कळेना, त्या साहेबाला काय कळणार?"

मामा या वेळात यंत्राच्या शाईचा नमुना घेत होते. बाहेर आले तेव्हा नमुना त्यांच्या नाकावर होता.

भाचीने नवा बायोडेटा लिहिला. अडतीस हजार आधी, चारशे बारा नंतर, आणि खाली साध्या भाषेत दोन ओळी. चौथ्या दिवशी बोलावणं आलं आणि महिना संपायच्या दोन दिवस आधी नोकरी लागली. खोलीची किल्ली परत द्यायला ती आली, तेव्हा मामा दारावर नवी पाटी ठोकत होते.

'अद्वितीय गुप्तहेर. सोडवलेली प्रकरणं: एक.'

"तुझंच धरलंय," मामा म्हणाले. "कशी वाटते?"

भाचीने पाटी वाचली, किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"कितीपैकी, मामा?"

मामा भिंग पुसू लागले.