बर्डीवरची काच

यंदाच्या, म्हणजे १९७४ सालच्या मार्चात, सीताबर्डीवरच्या विदर्भलक्ष्मी वस्तुभांडाराला आधुनिक करण्याचं ठरलं. इमारत पन्नास वर्षांची, भिंती दोन हात जाड, पुढे रुंद ओसरी. आत सुईपासून साडीपर्यंत सगळं मिळे आणि वर गारवा फुकट. व्यवस्थापक मनोहररावांना नेमका हा जुनाटपणा खुपू लागला, कारण ते नुकतेच मुंबईला जाऊन काचेचं दुकान बघून आले होते.

ओसरी पडली, दर्शनी भिंत गेली, तिथे सरकारी अनुदानातून जमिनीपासून छतापर्यंत काच आली. काचेमागे गवत शोभत नाही म्हणून देवरावांचा वाळ्याच्या ताट्यांचा विभाग बंद झाला. बावीस वर्षं ताट्या विकणाऱ्या देवरावांची एक मेपासून खापरखेड्याच्या शाखेत बदली ठरली. खापरखेड्याला वीज भरपूर होती, पण बर्डी नव्हती, आणि बर्डीवर चक्कर मारल्याशिवाय देवरावांना चहा गोड लागत नसे. त्यांनी हाय खाल्ली.

एप्रिल आला. मेणबत्त्या आडव्या झाल्या. त्यांवर 'द्रवरूप' अशी चिठ्ठी लागली. साबणाच्या वड्या एकमेकींना चिकटल्या, तेव्हा त्या जोडीनेच विकाव्यात असा आदेश निघाला. 'उष्णता ही बाहेरची बाब असून भांडाराचा तिच्याशी संबंध नाही' असं परिपत्रक भिंतीवर डकवलं, तर त्याचा गोंद वितळला.

नेहमीच्या गिऱ्हाईक अंजनाबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "काहून गा देवरावभाऊ, साड्या विकून राहिले का शिजवून राहिले?" आणि चालत्या झाल्या. बाकीची गिऱ्हाइकंही त्यांच्यामागे गेली.

"काच काढून टाका न साहेब," देवराव म्हणाले.

"अनुदान काचेचं आहे. ती काढता येत नाही," मनोहरराव म्हणाले. "पण झाकू नये असं कुठं लिहिलेलं नाही."

देवरावांचा जीव भांड्यात पडला. गोदामातल्या सत्तर ताट्या बाहेरून लागल्या, पाणी शिंपडलं, भांडार गार झालं. बदली रद्द होणार एवढ्यात तार आली: काचेची तपासणी होणार.

मग ताट्यांवर मांजरपाट ताणला आणि त्यावर लहानू पेंटरकडून काच रंगवून घेतली. लहानू इमानी कारागीर. त्याने काचेत समोरचं हॉटेल उमटवलं, सायकलरिक्षा उमटवली, कोपऱ्यात एक माशीही बसवली. अधिकारी आले, काचेसमोर टाय सरळ केला आणि शेरा लिहिला, 'काच उत्तम. माशी रोज हाकलावी.'

शेऱ्याची अंमलबजावणी करायला माणूस हवा. देवरावांची बदली रद्द होऊन ते 'काचरक्षक (माशी)' झाले. रोज सकाळी ते माशी हाकलतात आणि वहीत 'हाकलली, गेली नाही' असं लिहून सही करतात.

हसता काय? गेल्या रविवारी तुम्हीही तिथं थांबून भांग पाडलात, मान वळवून दोन्ही बाजूंनी निरखलंत. देवराव फडकं घेऊन शेजारीच उभे होते. खरं सांगावं, तर पुन्हा खापरखेडा.

"मस्त दिसून राहिले साहेब," ते म्हणाले.

आणि तुम्ही म्हणालात, "काच चांगली आहे."