उस्मानचाचांचा ओरिजनल कार्ब्युरेटर

आमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा उजवा पाय उस्मानचाचांनी वापरलेला आहे.

म्हणजे त्याचं असं, की चाचांची दुधी रंगाची म्हातारी मोटार एकट्या माणसाला दाद द्यायची नाही. तिचा कार्ब्युरेटर गाडीबरोबर आलेला, मूळचा, आणि आता पार झिजलेला. चोक तर केव्हाच निकामी झालेला. त्यामुळे सकाळी गार इंजिन चालू करायचं तर एकाने बॉनेट उघडून कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने आत बसून चावी फिरवत अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. तळहात चाचांचा. पाय सापडेल त्याचा.

मी त्यांच्या शेजारी राहते, इथेच महाडला शाळेत शिकवते आणि रोज सकाळी घाईत असते. मी कुलूप लावत असतानाच नेमकी कुंपणावरून हाक यायची, "बाय, जरा पाय दे गो." मग साडी सावरत मी ड्रायव्हरच्या सीटवर, चाचा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत गडप आणि आतून हुकूम सुटायचे. दाब. सोड. दाब म्हटला ना.

मी दारात नसले की पोस्टमन. पोस्टमन नसला की केबलवाला. एकदा मत मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी हात जोडलेल्या अवस्थेतच सीटवर बसवलं. समोरच्या घरातल्या धाकट्याने तर मुंडावळ्या बांधून पाय दिला, कारण वरातीला हीच गाडी ठरली होती. मुहूर्त थोडक्यात वाचला.

चाचांनी उभा जन्म कशेडी घाटात ट्रक चालवला. इंजिनातलं त्यांना सगळं कळत होतं, म्हणून नवा कार्ब्युरेटर बसवा असं सांगायची सोय नव्हती. "ओरिजनल हाय तो," एवढंच उत्तर मिळायचं. ओरिजनल म्हणजे त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा किताब. स्वतःच्या दातांची ओळखसुद्धा ते "वरचे ओरिजनल, खालचे डुप्लिकेट" अशी करून देत. जवळच्या साव गावच्या कुंडातलं पाणी तेवढं ओरिजनल गरम, माझा गीझर त्यांच्या हिशेबी थोतांड. पुराचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही टीव्ही-फ्रिज वर चढवायला धावलो. चाचांनी आधी कार्ब्युरेटर खोलला आणि टॉवेलात गुंडाळून माळ्यावर नेला.

गाडी सुरू झाली तरी सुटका नसे. मध्येच बंद पडली तर पुन्हा पाय लागेल, तेव्हा इंजिन तापेपर्यंत थांबायचं. तोवर चहा घ्यायचा. तो आधीच तयार असायचा, पायरीवर दोन कप, वर बशा झाकलेल्या. तेवढ्या वेळात चाचा घाटातल्या दरडींपासून जमीलाचाचीच्या हातच्या सांदणांपर्यंत सगळीकडे फिरून येत. चाची जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा सलीम कतारला. मी हुं हुं करत निम्मा चहा कपातच टाकून पळायची.

मागच्या हिवाळ्यात सलीम रजेवर आला. वडील रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात, हे त्याला बघवेना. चाचांच्या रुसण्याला न जुमानता तो गाडी पोलादपूरला घेऊन गेला आणि हायवेवरच्या गॅरेजात नवाकोरा कार्ब्युरेटर बसवून आला. जुना चाचांनी भंगारात जाऊ दिला नाही. पेट्रोलने धुऊन तो शोकेसमध्ये ठेवला, सलीमच्या लग्नाच्या फोटोशेजारी.

परत जायच्या आधी सलीम मुद्दाम आमच्याकडे आला. म्हणाला, "ताई, अब्बांनी तुम्हाला लय तरास दिला. आता त्यांना कुनाची गरज नाय."

किती मायेनं म्हणाला तो. आणि मलाही हायसंच वाटलं.

गाडी आता पहिल्या चावीला सुरू होऊ लागली. चाचा ती सुरू करून कुंपणाशी येत आणि म्हणत, चहा घेऊन जा गो. मी म्हणायची, संध्याकाळी येते हं चाचा. पोस्टमन उद्या म्हणायचा. केबलवाला नुसता हात करून निघून जायचा. कामाला बोलावलं तर माणसाला नाही म्हणवत नाही, पण चहाला बोलावलं की प्रत्येकाला आपलं काम आठवतं. हळूहळू चाचांनी विचारायचंच सोडलं.

मग गाडीवर खाकी कव्हर चढलं. सकाळी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसलेले दिसत. बरं आहे ना चाचा, असं मी जाता जाता विचारायची आणि ते "बरा हाय" म्हणायचे. त्यांच्याजवळ एकच कप असायचा. मला ते दिसत होतं, पण शाळेची वेळ झालेली असायची.

परवा सकाळी मी कुलूप लावत होते आणि हाक आली.

"बाय, जरा पाय दे गो."

जाऊन बघते तर बॉनेट उघडं आणि आत तोच जुना, काळपट कार्ब्युरेटर. मी विचारलं, नव्याला काय झालं?

"बिघडला," चाचा म्हणाले. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

सीटवर बसून पर्स ठेवायला मागे वळले तर नवा कार्ब्युरेटर मागच्या सीटवरच होता. खोक्यात, फडक्याने पुसून लख्ख केलेला. बिघडलेली वस्तू कुणी एवढी निगुतीने ठेवत नाही. चांगली चालती गाडी या माणसाने स्वतःच्या हातांनी अडवून ठेवली होती, का तर तिच्यासाठी तरी कुणी दारात यावं. मला गलबलून आलं. बरं झालं, चाचांचं तोंड बॉनेटमध्ये होतं.

"दाब," आतून हुकूम आला. मी दाबलं. दोनदा खोकून गाडी सुरू झाली.

चाचा तळहात पुसत बाहेर आले. "तापायला जरा टाइम लागंल," म्हणाले, "गारठा हाय आज."

एप्रिलचं ऊन सकाळीच चटके देत होतं. पायरीवर दोन कप होते, वर बशा झाकलेल्या. मी पर्स गाडीतच राहू दिली, पायरीवर बसले आणि माझ्या कपावरची बशी काढली.

"तापू दे नीट, चाचा," मी म्हटलं. "मी आहे."