आठव्या घरातला सांगाडा

“अगं, तो मृत्यू आहे!” विष्णुपंत स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले.

“असेना. सपाट आहे,” अंबिकाबाई म्हणाल्या आणि काळ्या घोड्यावर बसलेल्या सांगाड्याच्या अंगावर त्यांनी पिकलेला पेरू चिरला.

विष्णुपंतांनी पत्ता हिसकावून घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि उजेडात धरून पाहिला. सांगाडा पहिल्यासारखाच हसत होता. विष्णुपंतांना तेवढं पुरलं.

हे पत्ते त्यांच्या पुतण्याने, सुमंतने, आदल्या दिवशी आणून दिले होते. सुमंत श्रीरामपूर स्टेशनात तिकिटं द्यायचा. कुणी केसाळ गोरा प्रवासी बाकावर विसरून गेला आणि परत काही आला नाही. रमीला बरे म्हणून सुमंतने जोड घरी नेला, तर आत एकही राजा धड नाही. कुणी उलटा टांगलेला, कुणी जळणाऱ्या बुरुजावरून पडणारा, आणि एका बाईच्या तर ओठांवरून रक्त ओघळत होतं.

“काका, परदेशात यावर भविष्य बघतात म्हणे.”

“कसं?”

“ते काही ठाऊक नाही.”

“मला विचार ना,” विष्णुपंत म्हणाले.

तिसगावात तीस वर्षं जोशीपण करताना विष्णुपंतांच्या तोंडून ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द एकदाही निघाले नव्हते, आणि याचा त्यांना पंचांगापेक्षा जास्त अभिमान होता. पण एकाहत्तर सालच्या त्या थंडीत अभिमानाला जरा गारठा लागला होता. बाजाराच्या दिवशी त्यांच्या समोरच, लिंबाच्या पलीकडच्या अंगाला, रंगनाथ नावाचा पोपटवाला बसू लागला होता. पोपट पिंजऱ्यातून निघायचा, चोचीने एक चिठ्ठी उचलायचा, की भविष्य तयार. लोकांना पोपटावर जास्त भरवसा. तो संस्कृत बोलत नव्हता.

त्या दिवशी बाजारात विष्णुपंतांनी सतरंजीवर खडूने कुंडलीची बारा घरं आखली आणि काळ्या पाठीचे पत्ते शेजारी मांडले. अर्ध्या तासात पोपटाभोवतीची निम्मी माणसं इकडे सरकली. सगळ्यांत पुढे होता शेजारच्या वाडीचा कारभारी. बरोबर त्याची आई गोजरबाई, आणि मागे पदर चावत उभी असलेली त्याची मुलगी मुक्ता.

“पोरीला अकोले तालुक्यातलं स्थळ आलंय, जोशीबुवा,” कारभारी म्हणाला. “पोरगा भंडारदऱ्याला धरनावर कामाला हाय. आमाला पटतंय. पर म्हातारी अडून बसलीया.”

“तीन यस्ट्या बदलून जायाचं,” गोजरबाई म्हणाली, “आन तिकडं बाजरी न्हाई. तिन्ही तिरकाळ भात खात्यात. माझी नात काय आजारी हाय, भात खायाला?”

विष्णुपंतांनी गंभीरपणे बारा घरांत बारा पत्ते टाकले. सातव्या घरात, म्हणजे ऐन लग्नाच्या घरात, ओठांवर रक्त असलेली बाई आली. गर्दी अर्धं पाऊल मागे सरली.

“अवो, ही कोन?” कारभाऱ्याने विचारलं.

“सवाष्ण,” विष्णुपंत क्षणाचाही वेळ न घेता म्हणाले. “विडा खाल्लाय.”

“आन ह्ये सुळे?”

“दात पुढे आहेत. मुलीचे आहेत का?”

“न्हाई बा.”

“मग सासूचे असणार.”

कारभाऱ्याने मांडीवर थाप मारली. “आये! सासूचं दात पुढंच हायेत की!”

गर्दीतून ‘आँ’ असा आवाज उठला. पोपटाभोवतीची उरलेली माणसंही आता आली. विष्णुपंतांच्या छातीत काहीतरी फुललं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ग्रहण बरोबर सांगितलं होतं, तेव्हा असंच फुललं होतं.

दहाव्या घरात, म्हणजे नोकरीच्या घरात, जळता बुरूज पडला.

“हे धरण,” विष्णुपंत म्हणाले.

“त्याच्यावं ईज पडलीया की!”

“वीज म्हणजे पाऊस. अकोल्याला पाऊस किती?”

“लई.”

“झालं तर.”

“आन ही मानसं खाली पडत्यात ती?”

“पोहायला उतरताहेत.”

उलट्या टांगलेल्या माणसाला त्यांनी ‘वक्री’ म्हणून सोडून दिलं. एवढ्यात गोजरबाईने बोट आठव्या घराकडे केलं. तिथे घोड्यावरचा सांगाडा बसला होता.

विष्णुपंत हसले. याची तर ते वाटच पाहत होते. “आजी, आठवं घर कुणाचं? मृत्यूचं. आणि हा कोण? मृत्यू. म्हणजे हा स्वगृही आहे. आपल्या घरात बसलाय तो. दुसऱ्याच्या घरी कशाला जाईल?”

शास्त्राला धरून इतकं चोख उत्तर गेल्या कित्येक वर्षांत त्यांनाही सुचलं नव्हतं. पण गोजरबाईने साठ वर्षांत पुष्कळ जोशी पाहिले होते.

“बसला तर बरा,” ती म्हणाली. “पर उठून पुन्ना आला, तर मातूर सोयरीक न्हाई!”

हे ऐकायलाच जणू रंगनाथ पिंजरा घेऊन येऊन उभा होता. “मंग बघाच की! पर मानसानं काडलेला पत्ता खरा न्हाई. जोशीबुवा, तुमचं पत्तं आन माजा राघू. व्हय का न्हाई?”

नाही म्हणायला विष्णुपंतांना जड नव्हतं. पण सगळा बाजार बघत होता. “खुशाल,” ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हाताने पत्ते पिसले आणि पसरून मांडले. राघू पिंजऱ्यातून निघाला, मान वाकडी करून रांगेवरून चालला, मध्येच थांबला आणि चोचीने एक पत्ता ओढला.

सांगाडा.

“चुकून झालं असंल,” कारभारी कसाबसा म्हणाला. पुन्हा पिसले. राघू या वेळी जवळजवळ पळतच गेला. सांगाडा. तिसऱ्यांदा तर पत्ते पुरते मांडूनही झाले नव्हते.

गोजरबाई उठली. “चल गं मुक्ते. संपलं.”

मुक्ताने पदर तोंडातून काढला. तिचे डोळे भरून आले होते. विष्णुपंत ते पाहत होते, आणि तेवढ्यात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. राघू सांगाड्याच्या बरगड्यांमधून काहीतरी टिपून खात होता.

पेरूच्या बिया.

खरं सांगावं, तर पत्त्यांचं सगळं शास्त्र पेरूत जाणार, आणि सगळ्या बाजारासमोर. न सांगावं, तर पोरीचं लग्न मोडणार. विष्णुपंतांनी तोंड उघडलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यातून काही आलं नाही.

“पेरू आहे तो,” गर्दीच्या मागून कुणीतरी म्हणालं.

भाजीची पिशवी सावरत अंबिकाबाई पुढे आल्या. “सकाळी मीच कापला त्याच्यावर. यांनी पुसला म्हणे. यांचं पुसणं मला ठाऊक आहे.” त्यांनी पिशवीतून एक पेरू काढला, दाताने तोडला आणि उलट्या टांगलेल्या माणसाच्या तोंडावर घासला. “टाका हो पत्ते.”

राघूने उलटा माणूस उचलला.

बाजार खदाखदा हसला. रंगनाथने पोपटाकडे असं पाहिलं, जणू पोटच्या पोराने दगा दिला. अंबिकाबाई मात्र मुक्ताकडे वळल्या.

“ए पोरी, एवढे पत्ते झाले, पोपट झाला. तुला कुणी विचारलं का? मुलगा पसंत आहे?”

मुक्ता जमिनीकडे बघत अगदी हळू म्हणाली, “मला भात आवडतो.”

गोजरबाई मटकन खाली बसली. मग तिला जे हसू फुटलं, ते डोळे पुसले तरी थांबेना.

पुढच्या बाजाराला लिंबाखाली विष्णुपंतही बसले होते आणि रंगनाथही, पण समोर एकही माणूस नव्हता. मधल्या सतरंजीवर राघू पेरू खात होता. सगळी गर्दी भाजीच्या ओळीत होती. तिथे अंबिकाबाई वांगी निवडत होत्या आणि भोवती दहाबारा बायका. “बाई, तुमीच सांगा...” “बाई, आमच्या मनकर्णीचं कसं वो...”

“कुनाच्या म्हनायच्या त्या?” बाहेरगावच्या एका माणसाने विचारलं.

“आमच्या,” विष्णुपंत म्हणाले. ग्रहणाच्या वेळीही त्यांची मान इतकी ताठ झाली नव्हती.

रंगनाथने सुस्कारा सोडला. “जोशीबुवा, आता आपल्या दोगांचं कसं व्हायाचं?”

विष्णुपंतांनी सवयीने पंचांग उघडलं. मग भाजीच्या ओळीकडे पाहिलं. मग पंचांग मिटलं.

“मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “तिला विचारून सांगतो.”