रणदिवे फौजदारांचं ठाणं

"उपाशी माणसाची फिर्याद मी लिहून घेत न्हाय," असं आमचे फौजदार रणदिवेसाहेब छातीठोकपणे सांगायचे. नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूर भागातल्या एका लहान ठाण्याचे ते प्रमुख होते आणि मी त्यांचा रायटर, म्हणजे फिर्यादी उतरवून घेणारा हवालदार. माणूस डोक्याला पट्टी बांधून आला, तरी साहेबांचा पहिला प्रश्न, "जेवलात का?"

एकदा बांधावरून कुऱ्हाडी काढलेले दोन चुलतभाऊ आले. साहेबांनी दोघांना एकाच ताटात पिठलं-भाकरी वाढायला लावली. "आधी खा, मग आत टाकतो." दुसऱ्या भाकरीला थोरला पुटपुटला, "कांदा हाय का?" धाकट्यानं बुक्कीनं कांदा फोडून त्याच्यापुढं सरकवला. माझा कागद कोराच राहिला. "जमादार, कोरा कागद म्हंजी गावाची तब्येत बरी," साहेब मला म्हणाले. तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी गुन्हे इतके कमी कसे, असं विचारलं, तर साहेबांनी त्यांच्यापुढंही ताट ठेवलं.

मग फेब्रुवारीतल्या एका दुपारी जवळच्या वस्तीवरची दहावीतली मुलगी दप्तरासकट ठाण्यात आली. "आण्णा माझं लगीन लावत्यात. परीक्षेच्या आधी."

साहेबांनी त्या दिवशी काहीच विचारलं नाही. तिला जीपमध्ये बसवलं आणि थेट वस्ती गाठली.

तिचे वडील हात जोडून म्हणाले, "पाव्हण्यांना शब्द दिलाय, साहेब. आता मोडलं तर तोंड कुठं दाखवू?"

"पोरगी सोळाची हाय. कायद्यानं तुमाला आत घेता येतं, पन मला ते करायचं न्हाय." साहेब बाजेवर टेकले. "फौजदारानं मोडलं म्हनून सांगा. शिव्या मला बसू द्यात."

आण्णांनी साहेबांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मग लेकीला म्हणाले, "दप्तर आत ठेव जा."

जूनमध्ये ती पास झाल्याचे पेढे घेऊन आली. साहेबांनी पेढा हातात घेतला आणि उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. ते जीपला टेकून उभे होते.

"माझ्या थोरलीलाबी शिकायचं हुतं, जमादार. घरात आई न्हाय, माझी बदलीची नोकरी. सोळाव्या वर्षीच उरकून टाकलं. चार वर्षं झाली, माहेरी पाय न्हाय तिचा."

"तुमी गेला का कधी?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला रजेचा अर्ज लिहायला बसवलं. कारण विचारलं, तर म्हणाले, "तुमीच काय ते घाला."

तिसऱ्या दिवशी ते परतले. पेढ्यांचा एक पुडा नेला होता, तो दिसला नाही.

"भेटल्या का ताई?"

"बोलली न्हाय." साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पन निघताना फाटकापत्तुर आली."