रखमाजी आबांची न विझणारी चूल

पेडगावच्या रखमाजी आबांनी मला फसवलं. भरदिवसा, उन्हात बसवून, डाळ शिजेपर्यंत थांबवून फसवलं.

मी सेलूचा. जुनी घरं उतरवतो आणि दारं, खिडक्या, पत्रे विकतो. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून इथवर आलो. मला फसवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी परवापरवापर्यंत सांगत होतो. आबा माझ्याआधी वीस वर्षं जन्मले होते, हे लक्षात आलं नाही.

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहा पोरापोरींनी स्पर्धेसाठी आबांच्या शेताच्या कडेला उन्हावर चालणारं घर बांधलं. छपरावर सोलरच्या प्लेटा, भिंतीत कपाशीच्या पळाट्यांचा भुगा, अंगणात उन्हावर स्वयंपाक करणारी काचेची पेटी. स्पर्धा संपली आणि घर आबांना देऊन कॉलेज मोकळं झालं. आबांना शेळ्यांसाठी पत्र्याचं शेड हवं होतं. मी म्हटलं, शेड देतो, घर नेतो. तासभर घासाघीस झाली, त्यात म्हाताऱ्याने शेडला एक दार वाढवून घेतलं. हातावर हात मारला. दुसऱ्या दिवशी शेड उभं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पेटत्या चुलीच्या घराला पहार लावायची नाही. घरधन्याने आपल्या हाताने चूल विझवायची, मग आम्ही हात घालायचा. ही रीत आबांना मीच सांगितली. चूक तीच.

ट्रॅक्टर घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा आबा पटक्याने छपरावरच्या प्लेटा पुसत होते. सूर्याला ते साहेब म्हणतात.

"साहेब आत्ताच ड्युटीवर आलेत. बसा शेट, डाळ शिजायलीय."

म्हटलं, आधी चूल विझवा.

"साहेबाला कसं इजवू? तुमीच सांगून बगा."

दुसऱ्यांदा पेटीत रताळी होती. तिसऱ्यांदा मुद्दाम ढगाळ दिवस धरून गेलो, तर डाळ अर्धी कच्ची. साहेब रजेवर आहेत, शिजत घातलेलं सोडून घर मोडता काय, म्हणाले. मग दिवेलागणीला गेलो. घरातले सगळे दिवे लावून आबा दारात बसलेले. दिवे लागल्यावरही घराला हात लावायचा नसतो, ही रीत त्यांनी मला शिकवली. तीस वर्षांच्या धंद्यात मी ती ऐकली नव्हती.

गावाला करमणूक झाली. माझा ट्रॅक्टर दिसला की पारावरून कुणीतरी विचारायचं, "शेट, आज काय बेत हाय?"

परवा मी भांडायलाच गेलो. शेड उपटून नेतो म्हटलं, तोंडाला येईल ते बोललो. आबा शांतपणे पेटी उघडत होते. आत डाळ एवढी, की पंगत उठावी. एकट्या माणसाला एवढी कशाला? फळीवर स्टीलच्या सहा ताटल्या उपड्या घातलेल्या होत्या. माल बघायची सवय, एक उचलली. काठावर नाव घातलेलं होतं, प्रज्ञा. दुसरीवर समीर. सहाही कोऱ्या, सहाही नाव घालून आणलेल्या.

"सौदा झाला आन् पोरं निरोप घ्यायला आली," आबा म्हणाले. "प्रज्ञा म्हनली, आबा, पुढच्या रविवारी येतो, डाळ करून ठिवा. मला कुठं रविवार कळतोय? म्हून रोज करायलोय."

सौद्यानंतर कधी, विचारलं.

"बोरं पिकली होती तवा."

आता कैऱ्या संपत आल्या आहेत.

मी एक ताटली जेवायला पुढे केली, तर त्यांनी ती काढून घेतली, पुसून परत फळीवर ठेवली. "ती पोरांची हाय. तुमाला माज्यात देतो." मला त्यांच्या ताटात वाढलं आणि स्वतः झाकणावर घेतलं. डाळीत मीठ जास्त होतं. मी दोनदा मागून घेतली.

तर प्रज्ञा, समीर आणि बाकीची चौघं, माझा माल तुम्ही अडवून धरलाय. आबांशी मी भांडत नाही, ते साहेबाला पुढे करतात. जबाब तुम्ही द्या. स्टेशनवरून आणायला ट्रॅक्टर मी पाठवतो. पण पुढचा रविवार म्हणजे नेमका कोणता, ते आधी सांगा.